मानमोडीनंतर

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात चार दिवसांत आमच्या चौदा कोंबड्या गेल्या. सकाळी खुराडं उघडलं की एखादी कोपऱ्यात मान पिळवटून बसलेली, हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून धापा टाकतेय. सासूबाईंनी बघताक्षणी ओळखलं, "मानमोडी आहे गो ही." हळद, लसूण सगळं करून पाहिलं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "ताई, राणीखेत म्हणतात तो हाच आजार. विषाणूचा आहे, एकदा लागला की औषध नाही. लस आधीच द्यावी लागते." मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल पुरल्या. त्यातल्या पाच तलंगा, म्हणजे तरुण माद्या, नुकत्याच अंड्यावर आल्या होत्या. रिकाम्या खुराड्याकडे बघवत नसे.

खुराडं धुऊन, चुना मारून दोन महिने तसंच उन्हात ठेवलं. मग माहेरहून एक गावठी कोंबडी आणली, खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी. हॅचरीची पिल्लं आणली असती तर बल्बची ऊब, तापमान हे सगळं आपल्यालाच सांभाळावं लागतं. खुडूक कोंबडी ते स्वतः करते. सासूबाईंनी पाटीत खाली राख, वर पेंढा घातला आणि तेरा अंडी मांडली. राखेमुळे पिसवा होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कोंबडी दिवसातून एकदाच उठायची, दाणे टिपून, पाणी पिऊन, पंधरा-वीस मिनिटांत परत. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. अकरांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन नितळ होती, ती काढली. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली.

खरी धावपळ त्यानंतरची. पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटाची, म्हणजे मानमोडीवरची लस द्यायची. पण बाटलीत शंभर मात्रा असतात, माझी पिल्लं दहा! आणि एकदा बाटली फोडून द्रावण मिसळलं की ते दोनेक तासांत संपवावं लागतं, उरलेलं ठेवून चालत नाही. वाडीत बहुतेक घरांतून थोड्याफार कोंबड्या आहेत, आणि मानमोडी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायला वेळ लागत नाही. मी घरोघरी गेले. "आम्ही कधी लस टोचली नाही, आमच्या जगल्याच की," असं दोन काकू म्हणाल्या. त्यांना माझं रिकामं खुराडं आठवत होतं, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही. सात घरांनी होकार दिला. मोठ्या कोंबड्यांचं डॉक्टरांनी वेगळं सांगितलं, लहान पिल्लं मात्र एकाच सकाळी, ऊन चढायच्या आत उरकली. बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली, एकेका पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. डोळा मिटून थेंब आत गेला की मगच सोडायचं, ही खूण डॉक्टरांनी शिकवली. आठव्या आठवड्यात पंखाखाली इंजेक्शन, तेही असंच सगळ्यांचं एकदम.

मधे एक पिल्लू मुंगसाने नेलं. तेव्हापासून खुराड्याची जाळी जमिनीत फूटभर पुरली आहे.

सहाव्या महिन्यात पहिलं अंडं मिळालं, लिंबाएवढं. नंतरची काही पातळ कवचाची निघाली. नुसती तांदळाची कणी घालत होते, ते चुकत होतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायला लागल्यावर कवच घट्ट झालं.

आता पाच तलंगांची मिळून दिवसाला दोन-तीन अंडी मिळतात, तीही सलग नाहीत. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, मग थांबते. पिल्लं नको असतील तेव्हा तिला पाटी न ठेवता हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात चार-पाच दिवस ठेवते, म्हणजे खुडूक मोडते. रोज ताटलीभर अंड्यांचा हिशोब मनात धरून कुणी गावठी पाळायला निघालं, तर मी आधी हेच सांगते. पण धाकटीला सकाळी हातात गरम अंडं सापडतं, तेव्हा तिचा चेहरा बघायला मी चूल सोडून अंगणात येते.

सध्या एक कोंबडी बाराव्या दिवसावर बसली आहे. शेजारच्या दोन घरांतल्याही त्याच आठवड्यात बसवल्यात, मुद्दाम, म्हणजे लसीची बाटली एकाच सकाळी फुटेल.