आमची वाटचाल : भट्टीचं बिल आणि मोल्डिंगचे बॉक्स

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, महिन्याला साठ-सत्तर टन माल, म्हणजे कोल्हापूरच्या हिशोबात लिंबूटिंबूच. वडिलांनी सुरू केली तेव्हा क्युपोला म्हणजे जुनी उभी भट्टी होती, त्यात कोक (दगडी कोळशाचा) जाळायचा आणि ऑइल इंजिनचे, पंपाचे पार्ट ओतायचे. पुढं धुराची कटकट, कोकचे भाव, त्यात गिऱ्हाइकाला पाहिजे ती ग्रेड, ह्या सगळ्यापायी अर्ध्या टनाची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी घेतली. कोकची चिंता गेली आणि लाईट बिलाची लागली. आमच्याकडं पगारापेक्षा लाईट बिल मोठं असतं, बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही.

एप्रिल २०२० पासून एचटीचं, म्हणजे आमच्यासारख्या जास्त दाबाच्या जोडणीचं बिल केव्हीएएचवर आलं, त्यात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खऱ्या कामाला किती लागते ते प्रमाण) युनिटातच धरला जातो. आधी पॉवर फॅक्टर चांगला ठेवला की सूट मिळायची, आता तो घसरला की युनिटच जास्त पडतात. लॉकडाऊनमध्ये काम नव्हतंच, जुनी बिलं काढून बसलो आणि टनाला किती युनिट जातात ते काढलं, तेही वितळवलेल्या टनाला नाही तर गिऱ्हाइकानं पास केलेल्या टनाला. ह्या दोन आकड्यांत लई फरक असतो, कारण रनर-रायझर (साच्यात मेटल जायच्या वाटांमध्ये गोठलेलं जादा लोखंड) आणि रिजेक्शन, म्हणजे नापास माल, परत भट्टीतच जातं आणि त्याची वीज दुसऱ्यांदा भरायला लागते.

लोखंड वितळवून १५०० डिग्रीला न्यायला थिअरीनं टनाला चारशेच्या आतबाहेर युनिट पुरतात, चांगली भट्टी साडेपाचशे-सहाशेत बसते. आमचे नुसत्या वितळवण्याला साडेसातशेच्या वर जात होते, चांगल्या मालावर धरलं तर सांगायलाच नको. जो तो म्हणायचा नवी भट्टी घ्या, कोटेशनं पण आली. आमचे भट्टीवाले मामा मात्र म्हणाले, "मालक, भट्टीकडं काय बघताय, तिकडं बॉक्स किती तयार हाईत ते बघा." बॉक्स म्हणजे मोल्डिंगवाले वाळू भरून करतात ते साचे.

मग भट्टीजवळ फळा लावला, मेटल तयार झाल्याची वेळ आणि ओतायला सुरुवात झाल्याची वेळ, बाकी काही नाही. काही हीटला, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याला, वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर, का तर कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचे वाळूचे तुकडे) आले नाहीत, सॅंड मिक्सर अडकला, नाहीतर माणसं जेवायला गेलीत. तोवर १४५० डिग्रीचं मेटल उघड्या तोंडानं उष्णता फेकत बसलेलं आणि थंड होऊ नये म्हणून पॉवर चालूच. म्हणजे बिल येतं भट्टीचं पण वीज जाते मोल्डिंगच्या उशिरात, हे वीज-ऑडिटवाल्याच्या रिपोर्टमध्ये पण इतकं सरळ नव्हतं. आता मोल्डिंग लवकर सुरू होतं आणि ठरलेले बॉक्स भरल्याशिवाय भट्टीला चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, टाकत नाही. मोल्डिंगचा कॉन्ट्रॅक्टर बॉक्सवर पैसे घेतो, त्याला ही वेळेची भानगड नको होती, रेट थोडा वाढवून द्यायला लागला, पण तो परवडला.

बाकीची कामं बारीकसारीक. रनर-रायझरला चिकटलेली वाळू भट्टीत गेली की तिचा स्लॅग, म्हणजे मळी होते, ती वितळायला वीज घेते वर भट्टीचं आतलं लायनिंग खाते, म्हणून परतीचा माल आधी शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे छर्रे मारून साफ करायला टाकतो. भट्टीला झाकण बसवलं, आतून सिरॅमिक ब्लॅंकेट, उचलायला चेनपुली. पोरं सुरवातीला कुरकुरली, पण तोंडावरची झळ कमी झाल्यावर आता झाकण त्यांनाच पाहिजे असतं. टेंपरेचर डोळ्यानं ओळखायची सवय होती, तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरच्या टिप महाग म्हणून वाचवायच्या, पण शंभर डिग्री जास्त चढवलं तर टनाला निदान वीसभर युनिट जातात, त्यापुढं टिपचे पैसे काहीच नाहीत. कंप्रेसरच्या लाईनीत सुट्टीच्या दिवशी, सगळं बंद असताना, फिरून फुसफुस ऐकली आणि गळके पाईप बदलले. ते 'पॉवर सेव्हर' म्हणून पेटी विकणारे अधूनमधून येतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावतो.

वितळवण्याचे युनिट आता साडेसहाशेच्या खाली असतात, बारीक कास्टिंगची ऑर्डर आली की चढतात, कारण ओतायला वेळ लागतो आणि मेटल जास्त गरम लागतं. सोलरचं विचारणारे खूप, पण आमच्या शेडवर जुना सिमेंटचा पत्रा आहे, आधी तो बदलायचा, आणि तरी पॅनेलवर मशीनशॉप चालेल, भट्टी नाही.

नवी भट्टी कधीतरी घ्यायची आहेच. फक्त आता कोटेशन मागताना टनाला किती युनिट लागतील ते लेखी द्या म्हणतो, आणि काही सप्लायर त्यानंतर फोनच उचलत नाहीत.