ट्रक कॅम्परमध्ये आत शेगडी घ्यावी का: आमचं एकदाचं ठरलं

आमच्या टोयोटा टॅकोमा पिकअप ट्रकवर बसवायला पॉप-अप कॅम्पर ऑर्डर करायचा ठरला, रंग ठरला, खिडक्या ठरल्या, गादी किती जाड तेही ठरलं आणि डीलरच्या ऑप्शन्सच्या कागदावर एका ओळीपाशी सगळं अडून बसलं. आत टू-बर्नर गॅसची शेगडी, हो की नाही. नवरा म्हणे हो, मी म्हणे नाही, आणि चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणे "अगं, शेगडी नाही ते कसलं घर?"

ज्यांनी कॅम्पर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकअपच्या हौद्यात बसणारी खोली असते ही, रात्री छत वर उचललं की चारी बाजूंनी जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात, आणि झोपायची जागा ड्रायव्हरच्या केबिनच्या वर. उभं राहायला जागा म्हणाल तर दोन माणसांनी एकमेकांना सॉरी म्हणत वळायचं. म्हणजे जिथे कांदा चिरणार तिथून गादी हातभर लांब. वाद सगळा या हातभर अंतराचाच आहे.

नवऱ्याचा मुद्दा खोटा नाही हं. आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सिएटलजवळ राहतो आणि आमच्या बऱ्याचशा ट्रिपा पश्चिमेच्या ऑलिम्पिक पेनिन्सुलाकडे. तिथल्या 'हो' (Hoh) नावाच्या जंगलात वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस पडतो, चिपळूणवाल्यांना हा आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण तिकडे तो पावसाळ्यात धो धो पडून मोकळा होतो आणि इकडे ऑक्टोबर ते मे थंडगार पिरपिर चालू. अशात टेलगेटवर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या फळीवर, शेगडी मांडून जॅकेटची टोपी ओढून कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं राहायचं म्हणजे वैताग आहे, मान्य.

पण मग आम्ही एक शेगडीवाला कॅम्पर भाड्याने घेतला आणि त्याच पेनिन्सुलावर कलालॉकला समुद्राच्या वर कड्यावर जाऊन राहिलो. सकाळी बाहेर पाऊस, म्हणून पोहे आत केले. मोहरी तडतडली, त्यातली अर्धी काउंटरमागच्या फटीत गेली. हिंग पडला, मिरची पडली, आणि दुसऱ्या सेकंदाला डोक्यावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला, नवरा टॉवेल घेऊन त्याला वारा घालतोय, मी एका हाताने कढई धरून दुसऱ्या हाताने खिडकीची चेन ओढतेय आणि खोकतेय. पोहे उत्तम झाले होते. पण त्या रात्री उशीवर डोकं टेकवलं तर उशीला हिंगाचा वास, स्लीपिंग बॅगला मिरचीचा, आणि कापडाच्या भिंतीवर बोट फिरवलं तर चिकट. घरात ओटा पुसला की झालं, इथे भिंत धुवायला कुठे काढणार?

म्हणून इंटरनेटवर इकडचे लोक जे लिहितात की "आत शेगडी पाहिजेच, आम्ही रोज वापरतो", ते मी जरा सांभाळूनच वाचते. त्यांचं रोजचं वापरणं म्हणजे पाणी उकळून पाकिटात ओतायचं, फार तर दोन अंडी. त्यांना शेगडी पुरते, आपल्याला शेगडी प्लस चिमणी लागते, आणि कॅम्परमध्ये चिमणी म्हणजे छतातला एक छोटा पंखा.

त्याहून मोठी भानगड पाण्याची. या शेगडीचा गॅस म्हणजे प्रोपेन, तो जळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, हे शाळेत समीकरणात लिहिलेलं असतं पण अंगावर येत नाही. एक पाउंड प्रोपेन जळला की दीड पाउंडाहून जास्त पाणी तयार होतं. मध्यम आचेवर एक बर्नर अर्धा तास चालला तर नुसत्या ज्योतीतूनच अर्धा कप पाणी हवेत, त्यात कुकरची वाफ वेगळी, रात्रभर दोन माणसांचा श्वास वेगळा. बाहेर पाच डिग्री. हे सगळं जाऊन बसणार खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि गादीच्या खाली. कलालॉकला पहाटे गादीचा कोपरा उचलून बघितला तर खालच्या प्लायवर थेंब, हात फिरवला की ओंजळ ओली. एक-दोन दिवस ठीक, महिनोन्‌महिने असं चाललं की बुरशी ठरलेली.

"मग हीटर पण नको का?" नवऱ्याने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. पण हीटर वेगळा. कॅम्परमध्ये बसवतात ती फर्नेस जळण्यासाठी हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेरच सोडते, आत नुसती गरम कोरडी हवा येते. शेगडीचं सगळं आतच. म्हणूनच अशा शेगड्यांवर स्टिकर असतो की ही खोली गरम करायला वापरू नका. तरी लोक थंडीत शेगडी पेटवून हात शेकत बसतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, कापडाच्या भिंती आहेत म्हणजे हवा येतच असेल असं समजून झोपणाऱ्यांची मला भीती वाटते. शेगडी घ्या न घ्या, मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि गॅस आत असेल तर गळतीचा अलार्मही, तो खाली जमिनीजवळ, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की तळाला साचतो.

अस्वलांचं बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण मी सिरियस होते. यलोस्टोन नॅशनल पार्कात फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये (राहायच्या गाड्या लावायची जागा) कापडी भिंतींच्या गाड्यांना प्रवेशच नाही, फक्त टणक भिंतींच्या, कारण अस्वलांचा वावर. बाकी बऱ्याच ठिकाणी चालतं, पण ज्या कापडाला कांदा-लसणीचा वास मुरलाय त्याच्या आत मला शांत झोप लागणार नाही.

वजनाचं थोडक्यात. आमच्या ट्रकच्या दारावरच्या पिवळ्या पट्टीवर पेलोड, म्हणजे ट्रकवर एकूण किती वजन चालेल तो आकडा, आहे ११०० पाउंडांच्या आसपास, त्यात कॅम्पर, पाणी, आम्ही दोघं आणि सामान. शेगडी, सिलिंडर, त्याची बंद पेटी, रेग्युलेटर, पाइप हे सगळं त्यातूनच जाणार.

आता उरला चहा. बाबा येणार आहेत पुढच्या उन्हाळ्यात, ते पाचला उठतात आणि चहाशिवाय एक शब्द बोलत नाहीत. त्यांना पावसात टेलगेटवर उभं करणं शक्य नाही. तर यावर नवऱ्यानेच हिशोब मांडला (इंजिनिअर आहे, एक्सेल शीट झालीच). एक लिटर गार पाणी उकळायला नुकसान धरून साधारण १३० वॉट-अवर लागतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जवळजवळ १२८० वॉट-अवर, फ्रिजसाठी ती आम्ही घेणारच होतो. म्हणजे बाबांचा सकाळचा चहा, दहा टक्के बॅटरी. वॉशिंग्टनच्या हिवाळ्यात सोलरवर भरवसा नाही, पण ट्रक चालू असताना आल्टरनेटरवरून चार्ज होते, आणि आम्ही एका जागी फार दिवस बसणारी माणसं नाही. छोटं इंडक्शन, त्याला झेपेल असा इन्व्हर्टर, बस. वाफ होणारच, पण ज्योतीची नाही, फक्त पातेल्याची, आणि त्यावर झाकण ठेवता येतं. इंडक्शनवर रोज डाळ शिजवून कुकर लावायला निघालो तर बॅटरी दुपारपर्यंत बसेल, तो नाद करायचाच नाही.

फोडणी बाहेर. कोलमनची जुनी टू-बर्नर आहेच, ती टेलगेटवर, वर ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छप्पर. पूर्व वॉशिंग्टनात वारा सुटला की तिचे वारा अडवायचे बाजूचे पत्रे उघडूनही ज्योत आडवी होते, तेव्हा ट्रक वळवून आडोसा करायचा. आणि अगदीच हवा खराब असली तर मैत्रिणीची युक्ती: घरून निघतानाच वाटीभर फोडणी करून काचेच्या बाटलीत भरायची. गरम भातावर मेतकूट, वरून चमचाभर ती फोडणी, आत बसून खा, अलार्म गप्प.

ऑर्डर गेली, शेगडीच्या ओळीवर काट मारून. डीलरचा माणूस म्हणाला विकताना किंमत कमी येईल, येऊ दे. त्या जागी आता एक खोल ड्रॉवर येतोय आणि त्यात कुकर बसतो की नाही याचं माप घेणं चालू आहे, पाच लिटरचा आडवा बसतो, हँडल काढून.