गुरुग्रामची जिम्नी, जपानची रांग

3 फेब्रुवारी 2025 ला सुझुकीने इथे जपानमध्ये जिम्नी नोमाद या गाडीचं बुकिंग थांबवलं. गाडी जाहीर झाली होती 30 जानेवारीला. चार दिवसांत सुमारे 50 हजार ऑर्डरी आल्या, आणि कंपनीने विकायच्या ठरवल्या होत्या महिन्याला 1200. साडेतीन वर्षांचा माल चार दिवसांत संपला! ही नोमाद म्हणजे आपली पाच दारांची जिम्नी. बनते गुरुग्रामला, मारुतीच्या कारखान्यात.

हमामात्सूत राहणाऱ्या माझ्यासारख्या भारतीयासाठी तो आठवडा फार मोठा होता. हे सुझुकीचं गाव. कंपनीचे जुने प्रमुख ओसामु सुझुकी 25 डिसेंबरला गेले होते, बरोबर महिन्याने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं आणि पाठोपाठ ही गाडी आली. भारतात बनली म्हणून इथे कुणी नाक मुरडलं नाही, रांगेत उभे राहिले. माझी छाती भरून आली, हे उघडपणे सांगतो.

पुण्याहून मामांचा फोन आला, "आपल्याकडे खपली नाही, म्हणून तिकडे पाठवली." हे मला लागलं. जून 2023 मध्ये ती आपल्याकडे 12 लाख 74 हजारांपासून आली, वर्ष संपायच्या आत किमती उतरवाव्या लागल्या, हे खरं आहे. पण त्यात ना गाडी वाईट, ना आपलं गिऱ्हाईक अडाणी. चारच माणसं बसतात, आणि आपल्याकडे तेवढ्या पैशांत अख्खं घर बसवून गावी जायचं असतं. इथे ती हौसेची गाडी आहे. त्याच हौसेपोटी लोक सुमारे 26 लाख 51 हजार येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने 15 लाख रुपयांच्या आसपास, मोजायला तयार झाले.

माझा खरा राग मारुतीच्याच दुसऱ्या गाडीवर, फ्रॉन्क्सवर आहे. ती गुजरातमध्ये बनते, पिपावाव बंदरातून जहाजात चढते, आणि ऑक्टोबर 2024 पासून इथे मिळते. इथल्या फ्रॉन्क्समध्ये दीड लिटरचं इंजिन, हवी तर चारही चाकांना ताकद, बटणाचा हँडब्रेक, पुढच्या सीटा गरम करायची सोय. आणि समोर माणूस किंवा गाडी आली आणि चालकाचं लक्ष नसलं, तर स्वतःहून लागणारा ब्रेक, सगळ्या गाड्यांना. तुमच्या शोरूममधल्या फ्रॉन्क्सला तो नाही. हापूसची निवडक पेटी परदेशात जाते, तसंच हे. त्यात हा ब्रेक बसवणारे हात आपल्याच माणसांचे आहेत.

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत असलेला माझा मित्र म्हणतो, किंमत बघ ना. बघितली. फ्रॉन्क्स इथे आली तेव्हा 25 लाख 41 हजार येनांपासून होती, म्हणजे तेव्हाचे 14 लाख रुपये. आपल्याकडे ती तेव्हा साडेसात लाखांपासून मिळत होती. मोठं इंजिन नको, गरम सीट तर पुण्यात कुणालाच नको, इथवर त्याचं पटतं. ब्रेकचं पटत नाही. जपानी कंपन्यांना भारतीयांपेक्षा जपान्यांचा जीव प्यारा आहे, असंही मी म्हणत नाही. जपानने नोव्हेंबर 2021 पासून देशात बनणाऱ्या नव्या मॉडेलांना हा ब्रेक सक्तीचा केला आणि पुढे आयात गाड्यांनाही तो नियम लावला. कायदा आला की कंपनी बसवते. आपल्याकडेही सहा एअरबॅगांची चर्चा झाली, गिऱ्हाईक विचारू लागलं, आणि आता फ्रॉन्क्सच्या सगळ्या मॉडेलांत त्या आहेत.

मामा म्हणतात, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. इथे गाडी घ्यायची तर घरापासून 2 किलोमीटरच्या आत ती ठेवायची जागा दाखवून पोलिसांचा दाखला आणावा लागतो. नव्या गाडीची तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी, तिचा खर्च वेगळा. हे सगळं भरूनच मी बोलतोय. आणि जास्त पैशांचंच म्हणाल, तर सनरूफसाठी आपण वरचं मॉडेल घेतोच की! पुण्याच्या उन्हात ते किती वेळा उघडतं?

मामांना या दिवाळीत गाडी घ्यायची आहे. मी त्यांना नाशिकला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ बघायला सांगितलंय. तिच्या वरच्या मॉडेलांत हा ब्रेक मिळतो. ते फ्रॉन्क्सच घेणार असतील तर निदान शोरूममधल्या मुलाला विचारतील, "जपानच्या गाडीला आहे तो ब्रेक इथे का नाही?" एवढं त्यांनी कबूल केलंय.