पाच डझनी पेटी आणि पायराइटची सेटिंग

देवगडात पाऊस धरलाय, आंब्याचा सीझन कधीच आटपला, म्हणून पेट्यांच्या हिशोबाचा आमचा पायथन कोड आता नीट बघायला घेतलाय. मे महिन्यात शेजारचे काका चिठ्ठी घेऊन आले होते, "बाबू, माझ्या कलमांका यंदा सोन्याचे आंबे लागले काय रे?" चिठ्ठीवर वाशीला गेलेल्या 12 पेट्या, सगळ्या पाच डझनी, आणि एकूण डझन किती, तर 555555555555.

झालं होतं असं की सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) वाचलेलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणून येतं, पेट्यांचा आकडा मी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घेतला होता, डझनाचा राहून गेला, आणि पायथनमध्ये स्ट्रिंगला 12 ने गुणलं तर एरर येत नाही, तीच स्ट्रिंग 12 वेळा एकापुढे एक लागते. रक्कम पेटीच्या दरावरून वेगळी काढलेली असल्याने पैसे बरोबर होते. पण काकांच्या हातात येते ती चिठ्ठीच ना, तीच चुकली म्हणजे काय उरलं, हे मला फार लागलं.

कोड लिहायला मी व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. त्यात पायलान्स हे पायथनचं एक्स्टेंशन टाकलं की पायराइट, म्हणजे कोड न चालवताच टाइपच्या चुका (मजकूर की आकडा असल्या) दाखवणारं टूल, आतून येतंच, पण त्याचा टाइप चेकिंग मोड मुळात ऑफ असतो, त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं ते वापरतात आणि ही गोष्ट त्यांना माहीतच नसते. ऑफच्या पुढचे मोड म्हणजे बेसिक, स्टँडर्ड आणि स्ट्रिक्ट, एकापेक्षा एक कडक. मी उत्साहात एकदम स्ट्रिक्ट लावलं आणि सगळा जुना कोड लालेलाल, हजारावर एरर, त्यातल्या बहुतेक 'अननोन'वाल्या, म्हणजे एखाद्या जुन्या लायब्ररीला टाइपची माहितीच नाही आणि तिच्यातून आलेलं प्रत्येक व्हेरिएबल चेकरला अनोळखी. त्या ढिगात खरी चूक कुठून सापडणार? दोन दिवसांत माणूस सगळंच बंद करून टाकतो.

मग उलटं केलं. सगळीकडे बेसिक ठेवलं, आणि स्ट्रिक्ट फक्त हिशोबाच्या फोल्डरला, कारण पायराइटच्या कॉन्फिगमध्ये स्ट्रिक्टसाठी फोल्डरांची वेगळी यादी देता येते. बेसिकमध्येही 'नन', म्हणजे 'काहीच नाही', येऊ शकणाऱ्या जागा एरर म्हणून दिसतात आणि मला त्याच सगळ्यात मोलाच्या वाटतात. बागायतदाराचा कोड नंबर डिक्शनरीत (नंबरावरून माहिती काढायच्या यादीत) गेटने शोधला आणि सापडला नाही तर हातात नन येतं, आणि आपण तसेच पुढे डॉट लावून त्याचा दर मागतो, भर सीझनमध्ये रात्री 11 ला प्रोग्रॅम पडतो तो इथेच.

आणि हे सगळं एडिटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठेवू नका, प्रोजेक्टसोबतच राहणाऱ्या पायप्रोजेक्ट टॉमल या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे रत्नागिरीत बसलेल्या माझ्या जोडीदारालाही तेच लाल दिसतं जे मला दिसतं. फक्त त्याच फोल्डरात पायराइट कॉन्फिगची जेसन फाइल पडलेली असेल तर तिचंच चालतं, टॉमलचं नाही, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

बरं, नुसत्या सेटिंगने डझनाची चूक पकडली का, तर नाही! फंक्शनला टाइपच लिहिलेले नव्हते, आणि पॅरामीटरमध्ये काय येणार हे चेकरला कळणार कुठून. पेट्या इंट, डझन इंट, एवढं एका ओळीत लिहिलं आणि त्याच क्षणी जिथून ते फंक्शन बोलावलं होतं तिथे स्ट्रिंगखाली लाल रेघ आली. मी ती रेघ बराच वेळ बघत बसलो, मे महिन्यात ही असती तर.

काही ठिकाणी इग्नोर, म्हणजे या ओळीवरची चूक दाखवू नको असं सांगणारी कॉमेंट, लिहावं लागतं, नाइलाज असतो, पण नुसतं टाइप इग्नोर लिहू नका, पायराइट इग्नोर आणि कंसात त्या नियमाचं नाव लिहा, नाहीतर त्याच ओळीवर उद्या येणारी दुसरी चूकही झाकली जाते. गरज संपलेले इग्नोर दाखवणारा नियमसुद्धा आहे, तो वेगळा चालू करावा लागतो.

एडिटर मुळात फक्त उघड्या फाइली तपासतो. सगळा वर्कस्पेस, म्हणजे उघडलेलं अख्खं फोल्डर, तपासायला लावला तर माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून कमिट करायच्या, म्हणजे बदल पक्के नोंदवायच्या, आधी टर्मिनलवर पायराइट एकदा पूर्ण चालवतो.

हिशोबाचं फोल्डर काल रात्री लाईट जायच्या आधी शून्य एररवर आलं. गणपतीच्या आत गाडीभाड्याचं घ्यायचंय, तिथेही सगळं सीएसव्हीतूनच येतं.