२९ आणि २७

ऑगस्ट २०२३. पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं होऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून सकाळीच मालकांचा फोन आला, "गाडी भरून थांबलीय, बिल होईना झालंय. ये की लवकर."

कास्टिंग शिनोळीला जायचं होतं. बेळगावातून अर्ध्या तासाची वाट, पण मध्ये राज्याची हद्द. जीएसटीत आपल्या कर्नाटकाचा कोड २९, पलीकडच्या महाराष्ट्राचा २७, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, आयजीएसटी. मी लिहिलेला बिलाचा प्रोग्रॅम मात्र राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लावत होता आणि पोर्टल बिल नाकारत होतं. गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे सोडून कुठंतरी पत्त्यातलं गाव बघितलं जातंय, हे मला लगेच कळलं. दुरुस्ती एका ओळीची. ती ओळच सापडेना.

कोड मीच गढूळ करून ठेवला होता. आधीच्या एका गिऱ्हाइकानं माझं काम दुसऱ्याच्या हाती देऊन उरलेले पैसे बुडवले, तेव्हापासून ऑबफस्केट केल्याशिवाय, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये असा कोड केल्याशिवाय, मी फाइल देत नव्हतो. प्रत्येक नावाच्या जागी निरर्थक अक्षरं. '२९' हा मजकूरही एन्कोड झालेला, त्यामुळे सर्च करूनही मिळेना. मूळ फाइली जुन्या डिस्कबरोबर गेलेल्या, आणि बॅकअपमध्ये ई-इन्व्हॉइसचं काम नव्हतंच.

डीबगरमध्ये एकेक पायरी चालत बसलो. बाहेर पाऊस, गेटवर ड्रायव्हर. मालक शेजारी बसून होते. एकदाच म्हणाले, "दुसऱ्याला कळू नये म्हणून केलंस, बरोबर हाय. पण उद्या तू नसलास तर मी काय करू?"

या माणसानं माझा एकही हप्ता चुकवला नव्हता. राग दुसऱ्याचा, कुलूप यांना. मला फार लागलं ते.

तीन वाजता ओळ सापडली, गाडी गेली.

त्या रात्री १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बसलो. प्रोग्रॅम ही साहित्यकृती. नोकरीत नसलेल्यानं लिहिला तर, वेगळा करार नसेल तोवर, पहिला मालक तोच. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच. मला हवं ते संरक्षण इथं होतं, आणि मी आजवर कुणाशी एक कागद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन पानं घेऊन गेलो: वाचता येईल असा सगळा कोड तुमच्याकडे, वापरायची मुभा आजपासून, हक्क पूर्ण पैसे पोचल्यावर. मालकांनी सावकाश वाचलं आणि खाली पेनानं एक ओळ घातली: 'कोडची एक प्रत फाउंड्रीच्या तिजोरीत राहील.' मग सही केली.