गजाला कोण मोजणार?

आमच्या कापडाच्या दुकानात लोखंडी मीटरपट्टी होती. बाबा तिला शेवटपर्यंत गजच म्हणायचे. वजनमापांचे निरीक्षक येऊन ती तपासायचे, शिक्का मारून जायचे. मी एकदा विचारलं, "त्यांची पट्टी कोण तपासतं?"
"त्यांचा वरचा साहेब."
"आणि त्याची?"
बाबांनी पसरलेला तागा माझ्याकडे सरकवला. घड्या घाल.

ही साखळी पूर्वी खरोखर एका जागी संपायची, पॅरिसजवळच्या सेव्रला. १८८९ ते १९६० या काळात मीटर म्हणजे तिथल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर, तेही बर्फ वितळतो त्या तापमानाला. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने १९७० साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या व्याख्यानांत नेमकी ही दांडी धरली. ज्याने तिच्यावरूनच मीटर ठरवला, त्याला ती मीटरभर आहे हे न मोजताच ठाऊक असतं. पण ती तेवढी असायलाच हवी होती असं कुठे आहे? त्या घटकेला तापवली असती तर लांब भरली असती. म्हणजे अनुभवाआधी कळलेली, तरी वेगळी असू शकली असती अशी गोष्ट! (त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ विटगेनस्टाईन तर म्हणतो, ही दांडी मीटरभर आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही.)

युक्तिवाद झकास आहे, पण मला पटत नाही. अंधाऱ्या खोलीत बसून मी म्हटलं, "कोपऱ्यातली काठी जेवढी, तेवढा एक मीटर." वाक्य खरं झालं. पण काठी माझ्या कमरेला लागते की खांद्याला, हे मला कुठे कळलं?

किलोग्रॅमचं बघा. सेव्रचाच एक धातूचा ठोकळा २० मे २०१९ पर्यंत व्याख्येनेच बरोब्बर एक किलो होता. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. ५७ नंबरची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि बऱ्याच प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. ठोकळा हलका झाला म्हणायची सोय नव्हती. व्याख्येप्रमाणे प्रतीच जड झालेल्या! तरी शास्त्रज्ञांना ठोकळ्याचाच संशय यायचा. व्याख्येतून धातूची खबर मिळत असती, तर तो आला कशाला असता?

बाबांचा गज आता मी जळमटं काढायला वापरते. परवा शिवणाच्या टेपने मोजला. दोन मिलिमीटर कमी भरला. टेप ताणली असेल, नाहीतर गज झिजला असेल.