वर्ध्याहून नागपूरला, बावीस मिनिटांच्या सिनेमासाठी

गेल्या रविवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेले. प्रौढशिक्षणाच्या प्रचारासाठी काढलेला एक जुना कृष्णधवल विनोदी लघुपट बघायचा होता. त्याची १६ मिमीची प्रत शंकरनगरच्या एका संग्राहकांकडे आहे. ते घरच्या हॉलमध्येच दाखवतात.

स्टेशनवरून लोकमान्यनगरकडे जाणारी मेट्रो धरा आणि शंकरनगर चौकात उतरा. सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. तर्री पोहे आधीच खाऊन घ्या.

एका शेतकऱ्याला पत्र येतं. वाचता येत नाही, म्हणून बिचारा दारोदार फिरतो. सावकाराला त्यात कर्जाचा तगादा दिसतो, सोयरीक जुळवणाऱ्याला पोरीसाठी स्थळ, वैद्याला कुणाचं तरी दुखणं. जो तो आपल्या सोयीचं वाचतो. हॉल खदखदून हसत होता, पण त्या शेतकऱ्यावर एकदाही नाही. मला हेच फार मोलाचं वाटलं. माझी आजी अंगठा द्यायची आणि शाई लागलेलं बोट पदराआड लपवायची. तिला हसणारा सिनेमा माझ्याच्यानं बघवला नसता. १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के होती, बायकांची तर ८.८६. असे सिनेमे गाडीत प्रोजेक्टर घालून गावोगाव नेत. पडद्यासमोर बसलेल्यांना स्वतःचीच टिंगल दिसली असती, तर दुसऱ्या दिवशी रात्रीच्या वर्गाला कोण आलं असतं?

शेवटी तो स्वतःच अक्षरांखाली बोट फिरवत वाचतो: ‘दिवाळीला घरी येतो.’ माझ्या शेजारच्या आजीबाई त्याच्याबरोबर एकेक अक्षर पुटपुटत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, “वाचलं बाप्पा मी!”

जाण्याआधी फोन करा, जागा जेमतेम वीस जणांची आहे. प्रोजेक्टर मागे असतो आणि त्याची घरघर मोठी, म्हणून पुढच्या रांगेत बसा. संवाद नीट ऐकू येतात. सिनेमा दोन रिळांचा आहे, मध्ये रीळ बदलताना दिवे लावतात. तेव्हा रीळ बघायला मिळतं, फक्त कडेनं धरा.

डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो. घरी जुनी रिळं असतील तर हुंगून बघा. वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. या प्रतीचा वास अजून हलका आहे. जायचं असेल तर याच हिवाळ्यात जा.